जादूची साथ: मंत्र बंद करावेत की चालू ठेवावेत?

पाचवा फासा

दिवाळीनंतर आमच्या टेबलावर डीएनडीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं खेळायचा खेळ) नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांची सलग गोष्ट, सुरू होतंय. डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा, मी. विषय: एका बंदराच्या शहरात पसरलेली जादुई साथ. (आमच्या टेबलावरचं कुणी इथे फिरकत असेल तर इथूनच मागे फिरा.)

साथीचं कॅम्पेन म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: 'या रोगावर मंत्र चालत नाहीत असं जाहीर करून टाक.' कारण उघड आहे. २०१४ च्या नियमांत लेसर रिस्टोरेशन हा दुसऱ्या लेव्हलचा मंत्र एका स्पर्शात रोग घालवतो. पॅलॅडिनने (धर्मयोद्ध्याचं पात्र) ले ऑन हँड्सचे, म्हणजे हात ठेवून बरं करायच्या शक्तीचे, पाच पॉइंट खर्च केले की काम झालं. पहिल्या सेशनला साथ, दुसऱ्याला सत्कार समारंभ.

माझं मत उलटं आहे. मंत्र चालू द्या आणि हिशोब मांडा. पाचव्या लेव्हलच्या क्लेरिककडे (पुजाऱ्याचं पात्र) दुसऱ्या लेव्हलचे तीन स्लॉट, म्हणजे दिवसभरात मंत्र टाकायच्या तीन संधी, आणि तिसऱ्याचे दोन. सगळे याच कामी लावले तरी दिवसाला पाच माणसं. त्याच लेव्हलच्या पॅलॅडिनचे पंचवीस पॉइंट, म्हणजे आणखी पाच. त्याचे दुसऱ्या लेव्हलचे दोन स्लॉट धरले तर सात. एकूण बारा. शहरात रोज चाळीस नवे रोगी पडत असतील तर अठ्ठावीस मागे राहतात. सकाळी धर्मशाळेबाहेर रांग. धान्याचा व्यापारी म्हणतो, माझ्या मुलीला आधी घ्या, मी गोदामं उघडतो. त्याच्यामागे विहिरीवर पाणी शेंदणारी बाई उभी आहे, आणि ती आजारी राहिली तर अख्खी गल्ली झोपणार. कुणाला घ्यायचं ते मी ठरवणार नाही, टेबल ठरवेल. शिवाय सगळे स्लॉट इथे संपवले की रात्री गटारात उतरताना क्लेरिकच्या हातात उरते गदा. मंत्र बंद केला की हे सगळं गेलं, आणि हौसेने क्लेरिक घेतलेल्या मुलीच्या हातातलं कामही गेलं.

नियमांतही मालमसाला भरपूर आहे. बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडणार नाही, असं तो मंत्र कुठेही म्हणत नाही. रेझ डेड मेलेल्याला उठवतो, साधा रोगही घालवतो, पण जादुई रोग घालवत नाही. पाचशे सोन्याच्या नाण्यांचा हिरा खर्चून उठवलेला माणूस रोगासकट उठतो!

आता जरा दुष्ट कल्पना. तिसऱ्या लेव्हलपासून पॅलॅडिनला रोग होत नाही. होत नाही, एवढंच. तो रोग वाहून नेत नाही असं पुस्तकात लिहिलेलं नाही. २००५ च्या सप्टेंबरात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये असंच झालं होतं. हक्कार नावाच्या बॉसचा रक्ताचा शाप त्याच्या लढाईच्या जागेपुरता होता. खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो शहरात आला, दुकानदार एनपीसी (कुणी खेळाडू न चालवणारी पात्रं) स्वतः न मरता तो वाटत राहिले आणि कमी लेव्हलची मंडळी रस्त्यात पटापट पडली. पुढे २००७ मध्ये साथरोगतज्ज्ञांनी त्यावर वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहिले.

तर, मंत्र चालू की बंद?

निद्रिस्त ड्रॅगन

बंद. हिशोब वाचायला झकास, टेबलावर मरण. मी हे करून हात पोळून घेतलेत. तिसऱ्या सेशनला रोग (Rogue, चोराचं पात्र) खेळणारा मित्र मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता, कारण बरं करणारे दोघं आणि बघे तिघं. तुमच्या रांगेत फायटरने (मंत्र नसलेला लढवय्या) काय करायचं, टोकन वाटायची?

रोगाला औषध शोधायला लावा. डीएमजीमध्येच (डीएमसाठीचं नियमांचं पुस्तक) साइट रॉट या डोळ्यांच्या रोगाला दलदलीतल्या आयब्राइट फुलाचं मलम दिलंय. फूल दलदलीत, दलदल हायड्राची (अनेक तोंडांचा राक्षसी साप). सगळ्यांना काम मिळतं.

पाचवा फासा

रोग खेळणारा रोगाच्या कॅम्पेनमध्ये कंटाळला, हे भारीच. पण तुमच्या दलदलीच्या मोहिमेत शहर कुठे आहे? साथ काढून तिथे राजकन्येचं अपहरण टाकलं तरी ती मोहीम जशीच्या तशी चालेल. मागे राहिलेल्या अठ्ठावीस जणांपाशीच बाकीच्या तिघांचं काम आहे: कोण रोगी लपवतोय, कोण खोटे ताईत विकतोय, वेशीचा पहारेकरी किती पैशांत फुटतो.

निद्रिस्त ड्रॅगन

हे मुख्य धाग्यात लिहायला हवं होतं. रांगेपेक्षा हे बरं आहे. तरी मंत्र बंदच.

नियमावलीचा किडा

२०२४ चं पुस्तक घ्या की. लेसर रिस्टोरेशन आणि ले ऑन हँड्स, दोन्हींतून रोग हा शब्दच गेलाय. वाद मिटला.

पाचवा फासा

पाच जणांच्या नव्या पुस्तकांचे पैसे तुम्ही देणार असाल तर मिटला.

कसबेकर

रोगी लपवण्यावरून सुचलं. १८९७ च्या पुण्याकडे बघा. फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर शिरून झडत्या घेऊ लागले, आजाऱ्याला उचलून छावणीत नेऊ लागले. लोक प्लेगपेक्षा झडतीला घाबरले आणि रोगी दडवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. तुमच्या शहरातही खरा पेच रोगापेक्षा बंदोबस्ताचा ठेवा. नगरपालाने खेळाडूंनाच झडतीच्या तुकडीत घ्यावं. बघू पॅलॅडिन काय करतो.

तळघरातली मांजर

तीव्र असहमत. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला याच साथीत रोग्यांची सेवा करताना गेल्या. त्याचं आपण एनपीसी आणि लूट करणार? आणि तेवढं लांब कशाला जायचं. २०२१ च्या एप्रिलमध्ये आम्ही काकासाठी ऑक्सिजनचा बेड शोधत फोन फिरवत होतो. कुणाला आधी घ्यायचं हे तेव्हा दुसऱ्या कुणीतरी ठरवलं. ते शनिवारी संध्याकाळी चिप्स खात पुन्हा ठरवायची मला हौस नाही. ड्रॅगन मारू द्या की सुखाने.

पाचवा फासा

मांजर, यावर वाद घालणार नाही. सेशन झीरोला, म्हणजे खेळाआधीच्या बोलणीच्या बैठकीला, प्रत्येकाला एकेकट्याने विचारेन, आणि एकाने जरी नको म्हटलं तर रांगेचा प्रसंग काढेन. सगळ्यांसमोर विचारलं की लोक भिडेपोटी हो म्हणतात. पुण्यातून खरी माणसं घेणार नाही. लोक दार का लावून घेतात, तेवढंच घेईन.

वीस पडले

डीएम साहेब, तुमचा पॅलॅडिन बोलतोय. मागे फिरलो नाही.

मी रोगवाहक, ही कल्पना आवडली आणि रागही आला. तिसऱ्या लेव्हलला मिळालेलं बक्षीस तुम्ही शाप करून परत देताय. दहाव्या सेशनला 'अरेरे, सगळे तुझ्यामुळे मेले' असं ऐकवणार असाल तर मी पॅलॅडिन घेत नाही. पण खुणा आधीपासून दिसल्या तर चालेल. मी मुक्काम केलेल्या खाणावळीत चौथ्या दिवशी पहिला रोगी सापडू दे. तिसऱ्या खाणावळीपर्यंत मला कळलं नाही तर चूक माझी. आणि कळल्यावर काय करायचं ते मी ठरवणार, फासा नाही.

निद्रिस्त ड्रॅगन

हा खेळाडू मला द्या.

पाचवा फासा

मिळणार नाही. खाणावळीची अट मान्य. मात्र वाहक तूच आहेस असं आता समजू नकोस. तू वाचलंस, म्हणून मी बदलू शकतो.

शिवेवरचा दगड

उशिरा आलो. आजोळी आजी मरीआईच्या गाड्याबद्दल सांगायची. गावात पटकी आली की देवीचा छोटा गाडा करायचे, त्यात नैवेद्य, बांगड्या, हळदकुंकू ठेवायचे आणि वाजतगाजत शिवेपर्यंत ओढून न्यायचे. शिवेवर ठेवला की गावातली बला गाड्याबरोबर गेली. पण पलीकडच्या गावाच्या दारात आता गाडा उभा! ते तो त्यांच्या पुढच्या शिवेपर्यंत ओढायचे.

तुमच्या जगात हा गाडा खरोखर चालत असेल तर? एकही स्लॉट न लागता चाळीसच्या चाळीस रोगी बरे, फक्त गाडा रात्रीत पुढच्या शहराच्या वेशीत सोडायचा. मग मंत्र चालू की बंद हा प्रश्नच उरत नाही.

तळघरातली मांजर

देवीला राक्षसीण करू नका म्हणजे झालं. मरीआई रोग देते तशी नेतेही, म्हणून तिला आई म्हणतात.

शिवेवरचा दगड

बरोबर. देवी तिच्या जागी. ओढणारी माणसं कोण, एवढंच टेबलावर आणायचं.

निद्रिस्त ड्रॅगन

यात फायटरला काम आहे. गाडा ओढायचा.

वीस पडले

आणि पुढच्या शहराच्या वेशीवर फायटरचंच घर आहे. डीएमला आठवत नसेल म्हणून सांगतो, त्याने बॅकस्टोरीत, म्हणजे पात्राच्या पूर्वकथेत, तसं लिहून दिलंय.