मदत हवी आहे: फळकुजीला टिकणारा कोको, पण दाणा बारीक नको

मंडळी, दापोलीकडे माडाच्या बागेत आंतरपीक म्हणून कोको आहे. झाडं बियांपासून केलेली, त्यामुळे एकाचं फळ दुसऱ्यासारखं नाही. जुलै-ऑगस्टात काळी फळकूज (फायटोफ्थोरा) बरीच फळं खाते. पावसाआधी १ टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारतो, कुजकी फळं काढून बागेबाहेर पुरतो, छाटणी करून हवा खेळती ठेवली आहे. सलग झड लागली की बोर्डो धुऊन जातं. तेव्हा फवारणीचं वेळापत्रक कृपया सुचवू नका, ते सगळं करून झालंय.

झाडं तोडायची नाहीत. बुंध्याच्या फुटव्यांवर चांगल्या वाणाचे डोळे भरायचा (डोळा बसवून कलम करायचा) विचार आहे. १९३० च्या दशकात पाउंड या कोको संशोधकाने पेरू देशातल्या ॲमेझॉन खोऱ्यातून गोळा केलेलं स्काव्हिना-६ हे कोकोचं वाण फळकुजीला चांगलं तोंड देतं, म्हणून संकरासाठी ते जगभर वापरलं गेलं. पण त्याचा दाणा बारीक, आणि आमचा खरेदीदार वाळलेला दाणा सरासरी १ ग्रॅमच्या खाली असला तर हात लावत नाही! शिवाय कोकोची कित्येक कलमं स्वतःच्या परागाने फळ धरत नाहीत, म्हणजे एकाच वाणावर भागणार नाही.

कर्नाटकातल्या विट्टलच्या संशोधन केंद्राची किंवा केरळ कृषी विद्यापीठाची वाणं कोकणच्या पावसात कुणी लावली आहेत का? त्यातली कुठली दोन-तीन एकमेकांच्या परागाने फळतात, कमी कुजतात आणि तरी दाणा भरतो? आणि नुसत्या डोळकाड्या (डोळे काढायच्या फांद्या) मिळतात, की रोपंच घ्यावी लागतात?