पाला दाट, बटाटा गोटीएवढा
मंचरकडे उशिरा लावलेल्या बटाट्याला पाला दाट पण खाली गोट्याच, म्हणून युरिया द्यायचा का, असा प्रश्न आलाय. नका देऊ, पाला आणखी माजेल. रात्रीचं तापमान 20-22 अंशांच्या वर राहिलं की कंद धरणंच मंदावतं. दुपारच्या उन्हापेक्षा उबदार रात्र जास्त नडते.

पाण्याचं म्हणाल, तर मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच. आठ दिवस ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, एकदम पाटभर पाणी सोडलं की थांबलेला कंद पुन्हा वाढू लागतो, त्याला गाठी येतात, तडे जातात. वरंब्यातली (बटाटा लावलेल्या मातीच्या उंच ओळीतली) वीतभर खोलीची माती मुठीत दाबा. गोळा न होता भुगा झाला तर पाण्याला उशीरच झालाय. भर लावून, म्हणजे झाडाच्या बुडाशी माती चढवून, भेगाही बुजवा, उघडा कंद हिरवा पडतो. पुढच्या वेळी कुफरी सूर्या बघा, उष्णता सोसणारं वाण आहे.