आधी भरतीची वाट, मग रोपं

वर एकांनी लिहिलंय की पाणथळ जागा बुजवली तरी दुसरीकडे तेवढ्याच क्षेत्रावर कांदळवन लावलं की भरपाई झाली. मला हे अजिबात पटत नाही. उरण-नेरुळकडे फ्लेमिंगो आणि तुतवार (चिखलात चरणारे छोटे पक्षी) चरतात ते उघड्या चिखलावर. तिथे दाट तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, लावली तर त्यांचं ताटच काढून घेतल्यासारखं आहे. शिवाय खाडीकाठची कितीतरी पाणथळ मेलेली नसते, फक्त भरतीची वाट अडलेली असते. भरावाखाली दबलेली पाणी जाण्याची मोरी मोकळी केली आणि दिवसातून दोनदा पाणी आत-बाहेर खेळायला लागलं, की जवळ कांदळवन असेल तर बिया वाहत येऊन आपसूक रुजतात.

अमेरिकेत १९८९ पासून ‘निव्वळ घट नको’, म्हणजे पाणथळ जागा एकूणात कमी होऊ द्यायच्या नाहीत, हे धोरण आहे. २००१ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने तपासलं, तर हे उद्दिष्ट गाठलं जात नव्हतं.

आणि पाण्याचं काय? ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली, पण नाल्यांचं सांडपाणी तिच्यातच येतं. भरपाईच्या अटींत नाल्याच्या तोंडाशी पाण्याची नियमित तपासणी हवी, निदान दहा वर्षं, आणि आकडे गावातल्या कोळ्यांनाही बघता यायला हवेत.