'ऑन म्हणजे वर' हा तक्ता फळ्यावरून पुसायचा का?

खडूफळा
सहा-सात वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. जागा दाखवणारे शब्द आले की फळ्यावर ठरलेला तक्ता येतो: इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली. मुलं दोन दिवसांत तो सुरात म्हणायला लागतात आणि धडा झाला असं आपण धरतो. माझं मत: हा तक्ता कायमचा पुसावा.

त्यातली एकही जोडी फार लांब जात नाही. 'वर'चंच पाहा. पुस्तक टेबलावर, तिथे ऑन. दिवा टेबलाच्या वर लोंबतोय, तिथे अबव्ह किंवा ओव्हर. फांद्यांत बसलेला पक्षी आपल्याला झाडावर दिसतो, इंग्रजीत तो इन द ट्री. आणि खोलीच्या छताला उलटी चिकटलेली माशी? ती छताच्या खालच्या अंगाला आहे, तरी ऑन द सीलिंग. ऑनमध्ये मुख्य गोष्ट आहे टेकणं, चिकटणं. उंचीचा संबंध दुय्यम. तक्ता पाठ केलेलं मूल माशीपाशी अडतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

म्हणून मी अर्थ सांगतच नाही. चेंडू आणि खोका देते, 'पुट द बॉल अंडर द बॉक्स' म्हणते, आधी स्वतः करून दाखवते. मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडलेली ही वाट: ऐका, अंगाने करा, बोलणं मागाहून येऊ द्या. वर्गात मराठी शब्द नको, एकही नको.

शब्दयोगी
तक्ता पुसायला माझी ना नाही. मराठी पुसायला आहे. ती फळ्यावर नसली तरी मुलाच्या डोक्यात असतेच, आणि तुम्ही गप्प राहिलात म्हणून ती गप्प बसत नाही.

आपण म्हणतो बोटात अंगठी, पायात बूट. नीट पाहिलं तर बोटच अंगठीत असतं! इंग्रजीत ती अंगठी ऑन द फिंगर. कोरियनमध्ये तर वाटणीच वेगळी आहे. घट्ट बसण्याला 'क्किदा' हे क्रियापद, मग अंगठी बोटात घाला की पुस्तक त्याच्या मापाच्या खोळीत सरकवा. मेलिसा बोवरमन आणि सूनजा चॉय यांनी १९९१ साली इंग्रजी आणि कोरियन बोलणारी मुलं तपासली, तेव्हा दोन वर्षांच्या आतली मुलंही आपापल्या भाषेची वाटणी धरून बोलत होती. तुमच्याकडे येणारं मूल सहा वर्षांचं आहे. त्याची वाटणी पक्की झालेली आहे. ती उघड बोलून दाखवली नाही, तर ते दहावीपर्यंत 'रिंग इन द फिंगर' म्हणत राहील.

दुसरं, क्रम. आपण 'टेबलाखाली' म्हणतो: नाम आधी, त्याचं सामान्यरूप होतं आणि शब्दयोगी मागून येऊन चिकटतं. इंग्रजीत तोच शब्द नामाच्या आधी, सुटा. 'टेबल अंडर' ही चूक कुठून येते हे मुलाला मराठीतून दोन वाक्यांत कळतं. आणि 'घरी' व 'घरात' हा फरक त्याला न शिकवता येतो. 'ॲट होम' आणि 'इन द हाउस' समजवायला याहून चांगला पूल मला माहीत नाही. तो हाताशी असताना का वापरायचा नाही?

मागचा बाक
दोघांचंही पटत नाही. पन्नास मुलांच्या वर्गात चेंडू-खोका पाचांच्या हाती जातो, उरलेली पंचेचाळीस बघत बसतात. तक्ता सगळ्यांना काहीतरी देतो. अपुरं देतो, मान्य. पण 'बर्ड ऑन द ट्री' म्हटलेलं कुणाला कळत नाही असं थोडंच आहे? बारकावे वाचनातून येतील. आणि इन द कार पण ऑन द बस, हे सहा वर्षांच्या मुलाला कारणासहित सांगू नका, सरळ तोंडपाठ करून घ्या. पाठांतराला इतकं का घाबरायचं?

एक आई
मध्येच विचारते. मुलाच्या कार्यपत्रिकेत झाड आणि चेंडू होता. उत्तर हवं होतं 'बिहाइंड', त्याने लिहिलं 'इन फ्रंट ऑफ'. फुली मिळाली आणि तो रडला. त्याचं म्हणणं, मी झाडाच्या त्या बाजूला उभा आहे. मला तो खोटा वाटला नाही.

खडूफळा
ताई, तो खोटा नाहीच. खुर्चीला पाठ असते, गाडीला तोंड असतं. झाडाला दोन्ही नाही, पुढं-मागं बघणाऱ्यावर ठरतं. जॉन्स्टन आणि स्लोबिन यांनी १९७९ साली इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की मुलांचा अभ्यास केला. चारही भाषांत आत, वर, खाली, शेजारी हे आधी आलं, बिनतोंडाच्या वस्तूंचं पुढं-मागं अगदी शेवटी. पहिलीच्या एकाच पानावर हे सगळे शब्द कोंबायचे आणि वर फुली मारायची, हे मला सहन होत नाही.

शब्दयोगी
तो अभ्यास पहिल्या भाषेचा आहे. तुमच्या मुलांना 'खाली' ही कल्पना मराठीने कधीच दिली, आता फक्त नवा शब्द हवा आहे. आणि चेंडू-खोक्यावर फार विसंबू नका. ईव्ह क्लार्क यांनी १९७३ साली दाखवलं की अगदी लहान मुलांसमोर पोकळ वस्तू ठेवली, तर मुलं इन ऐकोत की ऑन, हातातली वस्तू तिच्या आतच टाकतात. मुलाने बरोबर केलं म्हणजे शब्द समजला असं होत नाही.

खडूफळा
क्लार्क यांची मुलं तुमच्या-माझ्या वर्गातल्यांपेक्षा खूप लहान होती. तरी मुद्दा खरा आहे, म्हणून मी खोका पालथा घालते. आता इन ऐकून हात थांबला, मूल खोका उलटवायला निघालं, की शब्द पोचलाय हे मला दिसतं.

मागचा बाक, पन्नास जणांना खोके लागत नाहीत. प्रत्येकाकडे खोडरबर आहे, वही आहे, बाक आहे. ऑन द बस पाठ करून घ्या, आनंदाने, पण अख्खा तुकडा. 'ऑन म्हणजे वर' नको.

शब्दयोगी, 'घरी' आणि 'घरात' मी घेते. हे मला सुचलं नव्हतं. उद्यापासून वर्गात एवढी मराठी येईल. अंगठी मात्र मी बोट पुढे करूनच दाखवणार.

आणि ताई, ती कार्यपत्रिका टाकून देऊ नका. शिक्षिकेला दाखवा आणि त्यांना मुलाला एवढंच विचारायला सांगा: तू चित्रात कुठे उभा आहेस?