बँकॉकमध्ये गर्दी आहे, गलका नाही?

(सोसायटीच्या ग्रुपवरील संवाद; नावांच्या जागी सदनिकांचे क्रमांक आहेत.)

बी-३०३ : नमस्कार. ए-५०१ मधले काका नुकतेच बँकॉकला जाऊन आल्याचे समजले. डिसेंबरात आम्हीही जाण्याचे ठरवत आहोत आणि सोबत सासूबाई असतील. बघण्याच्या ठिकाणांची यादी ट्रॅव्हल कंपनीने दिलेली आहे, त्यामुळे ती नको. ते शहर पहिल्यांदा पाहताना काय जाणवले, हे काकांनी सवडीने लिहावे, ही विनंती.

ए-५०१ : ताई, डोळ्यांआधी ते शहर मला कानांना जाणवले. सुखुमवित रस्त्यावर संध्याकाळी मोटारी, बस, रिक्षांसारखी टुकटुक आणि दुचाकी यांचा असा खोळंबा झालेला होता की सगळे जण जागच्या जागी उभे होते, आणि तरीही हॉर्न जवळजवळ ऐकू येत नव्हता. सिग्नल हिरवा होण्याआधीच मागून सुरू होणाऱ्या कर्कशाची आपल्याला इतकी सवय आहे की त्या शांततेने मी आधी थोडा अस्वस्थच झालो.

एवढे रुंद रस्ते आणि डोक्यावरून जाणारे द्रुतगती मार्ग असूनही कोंडी का होते, याचे उत्तर गल्ल्यांत हिंडल्यावर मिळाले. तिथे गल्लीला सोई म्हणतात आणि सुखुमवितच्या एका बाजूला सम, तर दुसऱ्या बाजूला विषम क्रमांकाच्या सोई आहेत. कालव्यांच्या काठी पसरलेल्या भातशेतीच्या आणि बागांच्या लांबट पट्ट्यांवर हे शहर वाढत गेले, पुढे अनेक कालवे बुजवून त्यांचे रस्ते झाले, आणि त्या जुन्या आखणीमुळे कित्येक सोई आजही आत जाऊन बंद होतात. शेजारच्या गल्लीत जायचे तरी पुन्हा मुख्य रस्त्यावर यावे लागते. साहजिकच सगळा भार त्या एकाच रस्त्यावर पडतो, आणि सोईच्या तोंडाशी नारिंगी जॅकेट घातलेले दुचाकी टॅक्सीवाले रांग लावून बसलेले असतात.

डी-२०४ : माझी मुलगी तिथे नोकरीला असल्याने थोडी भर घालतो. हॉर्न वाजत नाही, म्हणजे वाहतूक शिस्तीची आहे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी आपल्यासाठी थांबेल, हे तिथे गृहीत धरता येत नाही, आणि कोंडी झाली की दुचाकीवाले सरळ फुटपाथवर चढतात. रस्ते अपघातांतील मृत्यूंच्या प्रमाणात थायलंड जगात बराच वरच्या क्रमांकावर आहे. ए-५०१ यांना जाणवलेल्या शांततेमागे जे सौजन्य आहे, ते बोलण्या-वागण्यातले आहे; पायी चालणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

ए-५०१ : आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि त्या शहराने त्यावर काढलेला तोडगाही मला बोलका वाटला. पायी चालणाऱ्याला रस्त्यावर जागा करून देण्याऐवजी त्यांनी त्याला वर उचलून नेले. बीटीएस ही उन्नत रेल्वे ५ डिसेंबर १९९९ रोजी सुरू झाली. आज सियाम स्थानकापासून चितलोम स्थानकापर्यंत तिच्या मार्गाखाली लटकवलेल्या पादचारी पुलावरून, मॉलमागून मॉल ओलांडत, जमिनीला पाय न लावता जाता येते. खाली मात्र अंधारलेला, उखडलेला फुटपाथ, त्यावर खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि वर लोंबणाऱ्या तारांची जाळी. एकाच रस्त्याचे हे दोन मजले दोन वेगळ्या शहरांतले वाटतात.

त्याच पुलावरून राचप्रसोंग चौकातले एरावान देवस्थान दिसते. एका हॉटेलच्या बांधकामात विघ्ने येऊ लागल्यावर ज्योतिषाच्या सल्ल्याने १९५६ मध्ये तिथे चतुर्मुख ब्रह्मदेव बसवला गेला. आपल्याकडे ब्रह्मदेवाचे देऊळ शोधावे लागते, आणि इथे ऐन चौकात झेंडूच्या माळांचे ढीग पडलेले असतात. नवस फेडायला आलेली माणसे पैसे देऊन देवापुढे पारंपरिक नृत्य करवून घेतात आणि शेजारून वाहतूक चाललेली असते.

तिसरा मजला पाण्याचा आहे आणि मला तोच सर्वांत आवडला. सेन सेप हा कालवा एकोणिसाव्या शतकात, तिसऱ्या रामा राजाच्या काळात, मुख्यतः सैन्याच्या हालचालींसाठी खोदला गेला. आज त्यातून कचेरीत जाणाऱ्यांच्या लांबट मोटरबोटी धावतात. कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या अरुंद कडेवरून चालत पैसे गोळा करतो. समोरून दुसरी बोट आली की कडेचे प्रवासी काही न बोलता दोरी ओढून ताडपत्रीचा पडदा वर करतात, म्हणजे ते काळे पाणी कोणाच्या अंगावर उडत नाही. वास येतो, तो मी लपवत नाही. पण वरचा रस्ता तुंबलेला असताना आपण पुलाखालून सुसाट निघून जातो, याचा आनंद वासापेक्षा मोठा आहे.

सी-१०२ : शाकाहाराचे काय, भाऊ? आमच्या ह्यांना त्याच एका कारणासाठी कुठे बाहेर न्यायची भीती वाटते.

डी-२०४ : काकू, नुसते ‘भाजी द्या’ म्हणून भागत नाही, कारण भाजीतही माशांपासून केलेला ‘नाम प्ला’ हा खारट रस सर्रास घालतात. ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत तो लिहिलेला असेल, तर तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच वापरत नाहीत, आणि चातुर्मासाप्रमाणे कांदा-लसूणही चालत नाही. चिनी वंशाच्या लोकांनी ही पद्धत तिथे रुजवली आहे. त्यांचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास येतो, तेव्हा असे पिवळे झेंडे सगळीकडे दिसतात.

बी-३०३ : फार उपयुक्त माहिती मिळाली. सासूबाईंना त्या कालव्याच्या बोटीत नेता येईल का?

ए-५०१ : नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बोट धक्क्याला जेमतेम काही क्षण टेकते आणि उंच काठावरून पाय टाकून, दोरी धरून आत उतरावे लागते. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाचे ते काम नाही. त्यांच्यासाठी चाओ फ्रया नदीवरची मोठी बोट बरी. सफान ताक्सिन या बीटीएस स्थानकाला लागूनच साथोर्न धक्का आहे. सकाळी ऊन चढण्याआधी तिथून निघावे आणि वात अरुण या नदीकाठच्या बौद्ध मंदिराला खालूनच नमस्कार करावा, कारण तिथल्या मनोऱ्याच्या पायऱ्या फारच उभ्या आहेत.