फाइली फिरवून केलेल्या गाण्याला रेगे म्हणायचं का?

बासवाला_डोंबिवली

मंडळी, सध्या एका रेगे, म्हणजे जमैकाच्या ढंगाच्या गाण्यावर काम चाललंय. ड्रमची फाइल जमैकाच्या राजधानीतून, किंग्स्टनहून आली, ऑर्गनची लिस्बनहून. गाणारी मुलगी मूळची सावंतवाडीची, राहते बर्लिनला. बास मी घरी वाजवला, शेजारचा कुकर गप्प होईपर्यंत थांबून. आम्ही चौघं एकमेकांना कधी भेटलेलो नाही. एका मित्राने ऐकलं आणि म्हणाला, "झकास आहे, पण हे रेगे नव्हे, जोडकाम आहे." म्हणून हा धागा.

मला हे अजिबात पटत नाही. गाणं तुकड्यातुकड्यांनी करायची सवय जमैकाला इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून आहे. तिथे आधी रिडिम बनतो, म्हणजे बास-ड्रमचा सांगाडा आणि वरचे गिटारचे तुटक ठोके. मग त्याच रिडिमवर आज एक गायक गातो, उद्या दुसरा. 'साउंड डायमेन्शन'ने १९६७ मध्ये किंग्स्टनच्या स्टुडिओ वनसाठी वाजवलेला 'रिअल रॉक' हा रिडिम घ्या. त्यावर पुढे विली विल्यम्सने 'आर्मागिडियन टाइम' गायलं आणि ते गाणं १९७९ मध्ये लंडनच्या 'क्लॅश' या रॉक बँडने केलं.

'स्लेंग टेंग' या रिडिमचा किस्सा तर त्याहून भारी. कॅसिओच्या एमटी-४० या छोट्या कीबोर्डात एक ताल आयता भरलेला होता. तो बसवला हिरोको ओकुदा या जपानी बाईंनी, आणि त्या कॉलेजपासून रेगेच्या नादी लागलेल्या. तो ताल किंग्स्टनमध्ये गायक वेन स्मिथ आणि नोएल डेव्हीच्या हाती लागला, निर्माता किंग जॅमीने त्याची लय उतरवली आणि १९८५ मध्ये अख्ख्या डान्सहॉलचा, म्हणजे रेगेतून निघालेल्या नाचाच्या संगीताचा, आवाजच बदलला. ओकुदाबाई काही त्या स्टुडिओत बसलेल्या नव्हत्या. मग ते पण रेगे नाही का?

झीलकरी

उदाहरणं चांगली, पण ती तुमच्याच विरोधात जातात. 'रिअल रॉक' वाजवणारे सगळे एका खोलीत होते हो! नंतर आला तो फक्त गायक. तुम्ही बास आणि ड्रमच दोन खंडांत तोडलेत.

वन ड्रॉप या रेगेच्या खास ठेक्यात पहिली मात्रा मोकळी सोडतात. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर या छोट्या ड्रमच्या कडेवरचा ठोका दोन्ही तिसऱ्या मात्रेवर. त्या मोकळ्या जागेत बासने किती रेंगाळायचं ते कागदावर लिहून येत नाही, समोरच्याच्या खांद्याकडे बघून कळतं. बॉब मार्लीच्या मागे ड्रम आणि बास वाजवणारे कार्लटन आणि ॲस्टन बॅरेट सख्खे भाऊ होते, ते उगाच नाही. सर्ज गेन्सबूरसारखा नावाजलेला फ्रेंच गायकसुद्धा १९७९ च्या अल्बमसाठी स्वतः किंग्स्टनला गेला, स्लाय डनबार आणि रॉबी शेक्सपिअर या ड्रम-बासच्या जोडीबरोबर वाजवून घ्यायला. पखवाज देहूत आणि टाळ पंढरपुरात ठेवून भजन रंगतं का?

बासवाला_डोंबिवली

@झीलकरी, एक सांगायचं राहिलं. आम्ही क्लिक, म्हणजे लय धरायची यंत्राची टिकटिक, वापरलेलाच नाही. ड्रमरने आधी एकट्याने, स्वतःच्या मर्जीच्या लयीत वाजवलं. ती फाइल कानात घेऊन मी बास वाजवला. त्यामुळे रेंगाळणं आहे ते त्याच्याच मागे. देशोदेशीच्या वादकांना एका गाण्यात जोडणाऱ्या 'प्लेइंग फॉर चेंज'वाल्यांनी हेच केलं ना? सँटा मोनिकाच्या रस्त्यावर गाणाऱ्या रॉजर रिडलीचं रेकॉर्डिंग घेतलं, हेडफोनवर पुढच्याला ऐकवलं, त्याने त्यावर वाजवलं.

झीलकरी

म्हणजे तुम्ही त्याला ऐकलंत. त्याने तुम्हाला कुठे ऐकलं?

मीठभाकर

+१ झीलकरींना. बाकी मालवणीत रेगे असेल तर खोलीबिली सोडा, आधी लिंक द्या.

हिशेबनीस

खोलीचा वाद चालू द्या. मला एकच विचारायचंय: किंग्स्टनच्या ड्रमरला काय दिलंत?

बासवाला_डोंबिवली

सत्तर डॉलर. त्यानेच सांगितलेला भाव. खूश होता.

हिशेबनीस

मग तुम्ही स्टुडिओ वनच केलंत की राव. रिडिम सगळ्यांचा म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण वाजवणाऱ्यांना तेव्हाही सेशनचे ठरलेले पैसेच मिळत आणि मालकी निर्मात्याकडे राही. रिडिमवर पुढे कितीही गाणी होवोत, बास वाजवणारा आपला घरी.

हे नुसतं लबाडीमुळे होत नाही. कायद्याच्या नजरेत गाण्याचे दोन हक्क असतात: एक रचनेचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. रचना म्हटलं की व्यवहारात चाल आणि शब्द धरतात. ड्रमच्या ठोक्याला कुणी रचना मानत नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीची बाजू भक्कम झाली ती गीतकार-संगीतकारांची. पण रेगेत गाणं म्हणजेच बास आणि ड्रम! चाल बदला, शब्द बदला, गायक बदला, रिडिम तोच राहतो. तेव्हा तुमच्या गाण्यातला सर्वात रेगे माणूस हाच, आणि नेमका तोच सत्तर डॉलर घेऊन बाहेर.

आणि पैसे येतील या भ्रमातही राहू नका. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याला दमडी मिळत नाही. म्हणूनच वाटणी आत्ता लिहून घ्या, वाटायला काही नाही तोवर भांडणही होत नाही.

तिसरी_मात्रा

हिशेबनीसांशी सहमत, आणि हे नुसत्या पैशांचं नाही. २०२२ ला रेगेचं ग्रॅमी अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या 'सोजा' बँडला गेलं. त्या नामांकनांत जमैकाचे स्पाइस, शॉन पॉल, इटाना, जेसी रॉयल होते, शिवाय ग्रॅम्प्स मॉर्गन. जमैकात लोक भडकले ते काय उगाच?

मीठभाकर

अहो पण सोजाने चोरी केली का? वर्षानुवर्षं तेच वाजवतात. रेगे गायक अल्बोरोसी तर इटलीहून उठून जमैकातच राहायला गेला. आणि आपल्या गोव्यात २०१६ पासून सनस्प्लॅश हा रेगे महोत्सव होतोय, तोही बंद करायचा का मग?

तिसरी_मात्रा

सनस्प्लॅशला कोण काय म्हणालं? तिथे बाहेरचा कलाकार येतो, मंचावर त्याचं नाव घेतलं जातं, पब्लिक त्याला बघतं. फाइलमधून आलेल्या माणसाचं नाव बासवाल्यांनी अजून या धाग्यावरही घेतलेलं नाही, 'ड्रमर' म्हणतायत.

बासवाला_डोंबिवली

नाव त्याला विचारल्याशिवाय इथे कसं टाकू? गाण्यावर असेलच. असो, हिशेबनीसांचं वाचून काल त्याला मेसेज केला. त्याला रचनेत नाव आणि चौथा हिस्सा हवाय. मी आणि गायिका तयार आहोत. लिस्बनवाला म्हणतो, एकदा पैसे दिले, विषय संपला.

हिशेबनीस

लिस्बनवाल्याला म्हणावं, ड्रम काढून फक्त ऑर्गन वाजवून दाखव. आणि चौघांच्या सह्या होईपर्यंत गाणं कुठेही चढवू नका.

झीलकरी

तोवर ड्रमची एकटी फाइल ऐकवा की, त्याची परवानगी घेऊन. क्लिकशिवाय वाजवलंय म्हणता, मला ती तिसरी मात्रा ऐकायची आहे.