जांघेतली गाठ आत जात नाही: रात्री प्रोब लावून नेमके काय पाहायचे?

प्रश्न (मेडिकल ऑफिसर, चोपडा तालुका)
केळीचे घड आणि कापसाची पोती उचलणाऱ्यांत हर्निया (पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतडे बाहेर येऊन होणारी गाठ) नेहमीचाच. गाठ अडकून पेशंट रात्री येतो. आमच्याकडे सीटी नाही, सोनोग्राफीचे पोर्टेबल मशीन आहे, वरवरचे बारीक दाखवणाऱ्या सपाट (लिनिअर) प्रोबसह. आतडे नुसते अडकलेय की त्याला फास बसलाय (रक्तपुरवठा तुटतोय) हे कसे ओळखायचे? गाठ आत ढकलायची केव्हा, जळगावला पाठवायचे केव्हा?

उत्तर १ (सर्जन, धुळे)
जेल भरपूर, हात हलका. प्रोब जोरात टेकवलात तर लहान हर्निया आत सरकतो आणि काहीच दिसत नाही.

सुरुवात गाठीवरून करू नका. बेंबीखाली रेक्टस (पोटाच्या मधल्या उभ्या) स्नायूच्या मागे इन्फिरिअर एपिगॅस्ट्रिक धमनी धरा आणि ती पायाकडे जाणाऱ्या मोठ्या इलियाक धमनीला मिळते तिथपर्यंत खाली या. तिच्या बाहेरच्या अंगाने गाठ आली तर इनडायरेक्ट हर्निया, आतल्या अंगाने आली तर डायरेक्ट. जांघेतल्या इंग्वायनल लिगामेंटखाली, फिमोरल (मांडीच्या मोठ्या) शिरेच्या आतल्या बाजूला असेल तर फिमोरल हर्निया. बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बाईला उलट्या होत असतील तर जांघ उघडून पाहाच. ही फिमोरल गाठच सर्वांत जास्त हुकते आणि फासही हिलाच लवकर बसतो.

फासाची शंका कधी घ्यायची? हर्नियाच्या पिशवीत पाणी, आतड्याची भिंत ३ मिमीपेक्षा जाड, अडकलेल्या वेटोळ्यात साचलेला द्रव, हालचाल बंद. मग कर्व्ह (खोलवर दाखवणाऱ्या वक्र) प्रोबने पोट पाहा. लहान आतडी २.५ सेंमीच्या वर फुगलेली असतील तर रस्ता बंद झालाय.

डॉपलरवर (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) प्रवाह दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. आधी शिरा दबते, धमनी बराच वेळ चालू राहते.

उत्तर २ (इमर्जन्सी फिजिशियन, जळगाव)
वरची चिन्हे, ताप, गाठीवर लाल कातडी, कडक पोट, यांतले काहीही असेल तर ढकलू नका. सलाइन, नाकातून नळी, अँटिबायोटिक सुरू करून सर्जनकडे पाठवा.

नसेल तर आधी वेदनाशामक द्या, पायाकडची बाजू साधारण २० अंश उचला, थोडा वेळ थांबा. एका हाताची बोटे गाठीच्या मानेशी (पोटातून बाहेर येते त्या अरुंद भागाशी), दुसऱ्या हाताने सावकाश, सलग दाब. नुसते वरून दाबले तर गाठ रिंगवर (ती बाहेर येते त्या छिद्रावर) छत्रीसारखी पसरते. आत गेल्यावर प्रोब पुन्हा लावा: कधी पिशवीसकट सगळेच आत जाते आणि फास तसाच राहतो. म्हणून गाठ गेली तरी पेशंटला घरी सोडू नका.

प्रश्नकर्ता
जांघेतल्या लिम्फ नोडशी (लसिका गाठीशी) गल्लत होते का?

उत्तर १
होते. नोडच्या मधोमध चमकदार भाग आणि तिथून आत शिरणारी रक्तवाहिनी दिसते, खोकल्यावर नोड फुगत नाही. पण अडकलेला हर्नियाही खोकल्यावर हलत नाही. त्यामुळे पोटाकडे जाणारी मान शोधा. आणि मशीन फक्त हर्नियासाठी वापरत असाल तरी पीसीपीएनडीटीची (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालची) नोंदणी लागतेच.